जेवणाआधीची लढाई

धागा तुटला की यंत्रावर लाल दिवा लागतो.

रविवारी सकाळी दमणगंगेच्या पुलावर दारूबंदी असलेल्या वापीकडून येणाऱ्या मोटारींची रांग असते, संध्याकाळी वापीकडे परतणाऱ्यांची. सकाळच्या रांगेत हॉर्न जास्त वाजतात, संध्याकाळच्या रांगेत गाणी.

एका ताऱ्यावरून शेजारच्या ताऱ्यावर जायला चार चाली.

अरुणावहिनींच्या मते पुरी फुगते ती कणकेमुळे. तेलाला लोक उगाच श्रेय देतात.

टॅक्स हॉलिडे म्हणजे कारखाना नवा असताना सरकार त्याच्याकडे कर मागत नाही, ती वर्षं.

कौस्तुभ झोपेत म्हणतो, ‘आता कोणाची चाल?’

कोणाची ते सांगतो. रसिकाची.

*

शहाण्णव सालातली गोष्ट. सिल्वासाला, आमलीच्या औद्योगिक वसाहतीत सुताचा एक कारखाना होता. पॉलिएस्टरचा सरळ धागा आत जायचा आणि कुरळा होऊन बाहेर यायचा. तो कुरळा का करायचा हे रसिकाला लग्नानंतर सहा महिने कळलं नव्हतं आणि कळल्यावर फारसा फरक पडला नाही. तिचा नवरा कौस्तुभ तिथे मेंटेनन्सचा इंजिनियर. पुण्याचा. रसिका नाशिकची, कॉम्प्युटरचा डिप्लोमा पहिल्या वर्गात पास झालेली.

दर रविवारी त्या कारखान्याच्या ऑफिसात ‘ग्रह’ असे. ग्रह म्हणजे खेळ. फ्लॉपी कोणीतरी मुंबईहून आणली होती, तिच्यावरचं लेबल निघालेलं होतं, त्यामुळे खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. चार जणांनी खेळायचा. प्रत्येकाला अंतराळात एकेक तारा मिळतो. तिथे कारखाने काढा, संशोधन करा, रिकाम्या ग्रहांवर माणसं वसवा, लढाऊ जहाजं बांधा, काय हवं ते करा. शेवटी सगळे तारे ज्याचे, तो जिंकला. कॉम्प्युटर एकच होता, म्हणून पाळीपाळीने खेळायचं. एकाने आत जाऊन, दार लावून आपली चाल करायची आणि बाकीच्यांनी तोवर व्हरांड्यात चहा प्यायचा.

खेळणारे ठरलेले. वर्क्स मॅनेजर चंद्रकांत साहेब दादरचे, हिशेबखात्याचे श्रीकांत मुलुंडचे, आणि कौस्तुभ. चौथा कोणीतरी पाहुणा. मशिनवाल्या कंपनीचा माणूस आला असला तर तो, नाहीतर मुक्कामाला आलेला एखादा मेहुणा.

आणि रसिका कुठे होती? व्हरांड्यात. वर्षभर दर रविवारी ती तिथेच बसत होती, साहेबांच्या बायकोबरोबर, अरुणावहिनींबरोबर. कधी मटार सोलायचे, कधी तुरीच्या शेंगा. दुपारचं जेवण अरुणावहिनींकडे, ऑफिसाला लागूनच असलेल्या गेस्ट हाऊसमध्ये.

*

दिवाळीच्या फराळाला साहेबांनी जाहीर केलं. मुंबईहून नवा कॉम्प्युटर येतोय. जुन्याचं काय करायचं ते हेड ऑफिसने आमच्यावर सोडलंय. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी जो ग्रह जिंकेल त्याने तो घरी न्यावा.

रसिकाच्या हातातली चकली तोंडाजवळ थांबली.

तिला क्लास काढायचा होता. जागा होती, क्वार्टरची पुढची खोली. शिकायला माणसं होती. भाजी घेताना मुली विचारायच्या, ताई, तुम्ही कॉम्प्युटर शिकवाल का? नोकरीसाठी ती पाच कारखान्यांत जाऊन आली होती. चार ठिकाणी म्हणाले, आम्हाला जेंट्स पाहिजे. पाचव्या ठिकाणी आधी चहा दिला आणि मग म्हणाले. सगळं होतं, फक्त कॉम्प्युटर नव्हता. आणि नवा घ्यायचा तर कौस्तुभची स्कूटर विकूनही तो अर्धाच आला असता.

“चौथी मी बसते,” ती म्हणाली.

श्रीकांत हसले. “वहिनी, नवरा-बायको एका बाजूला म्हणजे आमच्यावर अन्याय.”

“बसू दे की,” चंद्रकांत साहेब म्हणाले. “कौस्तुभला तशीही मदत लागतेच.”

कौस्तुभ वर्षभरात एकदाही जिंकला नव्हता. तो कारखाने फार सुरेख काढायचा. इतके सुरेख, की ते घ्यायला सगळे आनंदाने यायचे.

शनिवारी जेवताना तो म्हणाला, “हे बघ, आपण दोघं एकत्र. तू फक्त माझ्या मागे राहायचं. मी पुढे वाढत जातो. जिंकलो की कॉम्प्युटर आपल्याच घरी येणार.”

“बघू,” रसिका म्हणाली.

“बघू काय? तुला क्लासच काढायचाय ना? सकाळी क्लास, संध्याकाळी मी ग्रह खेळीन.”

“आमटी घे,” रसिका म्हणाली.

*

आता तिला काय ठाऊक होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं नशीब वाटेल.

व्हरांड्यात बसून माणूस आतलं बघू शकत नाही, पण बाहेर आलेला प्रत्येक जण बोलतो. मी तीन ग्रह वसवले, माझं संशोधन कुठे पोचलं, अमका तारा किती समृद्ध आहे. वर्षभर शेंगा सोलता सोलता रसिकाच्या लक्षात एक गोष्ट आली. जेवणाआधी कधीच लढाई होत नाही.

तसा नियम कोणी केला नव्हता. पण सकाळी सगळे बांधत. जेवताना, आमटी-भातावर, युत्या होत. ‘तुम्ही मला डावीकडचे द्या, मी उजवीकडे येत नाही.’ मग पान खाऊन लढाई. पहिलं लढाऊ जहाज बांधायचं कोणाच्या मनात यायचं तेच मुळी ताक पिऊन झाल्यावर.

आणि त्याचं कारण सिल्वासा होतं. ही सगळी माणसं इथे आली तीच मुळी कारखाने उभे करायला, आणि सुरुवातीची वर्षं इथे कोणी काही मागत नाही म्हणून. आधी शेड, मग मशीन, मग माल, आणि कंपाउंडची भिंत सगळ्यात शेवटी. भिंतीत पैसा अडकवायची घाई कोणाला? आकाशात गेल्यावरही ती तशीच वागत. श्रीकांत तर पहिल्या चालीला हात चोळत म्हणायचेच, “चला, टॅक्स हॉलिडे सुरू.”

रसिका मनात म्हणायची, तुम्हाला सुट्टी कोणी दिली?

*

पहिला रविवार. बाहेर कोवळं ऊन, कारखान्यातून यंत्रांची एकसुरी घरघर.

ताऱ्यांना नावं द्यायची पद्धत होती. साहेबांनी दिलं दादर, श्रीकांतनी मुलुंड, कौस्तुभने पर्वती. रसिकाने पंचवटी.

पहिल्या चाली:

दादरने संशोधनाला निम्मा जोर लावला.

मुलुंडने कारखान्यांवर कारखाने काढले.

पर्वतीने एक कारखाना काढला, तो जरा वाकडा वाटला म्हणून मोडला, पुन्हा काढला.

पंचवटीने संशोधन शून्य केलं. कारखाने काढले नाहीत. माणसं कुठे पाठवली नाहीत. जेवढं बळ होतं तेवढं सगळं जहाजांवर. साधी, स्वस्त, पत्र्याच्या डब्यासारखी लढाऊ जहाजं. दुसऱ्या चालीला तेच. तिसऱ्यालाही तेच.

ती दार उघडून बाहेर आली. ह्याला परतीची वाट नाही हे तिला कळत होतं. ही जहाजं चुकली, अडली, उशिरा पोचली, तर जेवणानंतर तिच्याजवळ रिकामा तारा आणि भंगार उरलं असतं, आणि बाकी तिघांकडे भरलेली राज्यं. मग कुठला क्लास आणि कुठलं काय.

“काय केलंत वहिनी?” श्रीकांतनी विचारलं.

“शिकतेय अजून,” ती म्हणाली.

कौस्तुभ आत गेला आणि हसत बाहेर आला. दुसऱ्याची जहाजं त्या खेळात पोचेपर्यंत नुसता ठिपका दिसत. कसली आहेत ते कळत नसे. “रसिका माझ्याकडे यायला निघालीये,” त्याने सगळ्यांना सांगितलं. “माझ्या शेजारी वसाहत करणार. म्हटलं होतं ना, माझ्या मागे राहा.”

“बघा,” अरुणावहिनी म्हणाल्या. “नाहीतर आमचे. वीस वर्षांत कधी शेजारी बस म्हणाले नाहीत.”

रसिका मटार सोलत राहिली. एक शेंग दोनदा सोलली.

चार चालींनी ठिपका पर्वतीला पोचला.

आतून कौस्तुभचा आवाज आला. शब्द नव्हता तो. मग दार उघडलं. तो चौकटीत उभा.

“हिने पर्वती घेतली.”

अरुणावहिनींनी मटारांचं ताट बाजूला ठेवलं.

“माझी पर्वती. सगळे कारखाने. अगं, मी तुझा नवरा आहे.”

“म्हणून तर सगळ्यात जवळ होतास,” रसिका म्हणाली.

चंद्रकांत साहेबांना चहाचा ठसका लागला. श्रीकांत मात्र हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग गेस्ट हाऊसकडे, जिथून फोडणीचा वास येत होता.

“हे बरोबर नाही,” ते म्हणाले. “जेवणाआधी?”

“नियम कुठे आहे तसा?” साहेब म्हणाले.

“नियम नसेल, पण आपली पद्धत आहे साहेब. सकाळी आपण बांधतो.”

“बांधलं की मीपण,” रसिका म्हणाली. “जहाजं बांधली.”

श्रीकांतनी अरुणावहिनींकडे वळून दाद मागितली. “तुम्हीच सांगा वहिनी, जेवणाआधी कधी कोणी लढलंय?”

“मला काय विचारता?” अरुणावहिनी म्हणाल्या. “मी फक्त जेवण करते. लढायला कधी बसायचं ते तुमचं तुम्ही ठरवलंत.”

*

आता ऐका, कारण इथे वेळेला किंमत आली.

रसिकाकडे आता दोन तारे. पण पर्वतीने पडता पडता तिची अर्धी जहाजं पाडली होती, आणि उरलेल्यांतली निम्मी फुटकी. दुरुस्त करत बसली तर जेवण होणार. जेवायला बसले की साहेब आणि श्रीकांत शेजारी शेजारी बसणार, एकमेकांना लोणचं वाढणार, आणि ताटावरून उठेपर्यंत दोघं मिळून तिच्यावर यायचं ठरलेलं असणार. ते दोघं एक झाले की पत्र्याचे डबे काय करणार?

म्हणजे मुलुंड जेवणाआधी घ्यायला हवं.

तिने फुटकी जहाजं पर्वतीवर सोडली. धड होती तेवढी तशीच पुढे काढली, न थांबता. आणि कौस्तुभच्या त्या सुरेख कारखान्यांना जहाजं बांधायला लावली. कारखाने खरंच उत्तम होते. पंचवटीवर दोन चालींत होणारं काम तिथे एका चालीत होत होतं. तिला क्षणभर नवऱ्याचा अभिमान वाटला.

मुलुंडने ढाल बांधायला घेतली. ग्रहाभोवतीची ढाल एकदा पुरी झाली की असल्या स्वस्त जहाजांचं तिच्यापुढे काही चालत नाही. श्रीकांत हुशार माणूस. त्यांनी आणखीही एक गोष्ट केली. आत गेले ते बाहेरच येईनात.

“श्रीकांत, झोपलात का?” साहेबांनी हाक मारली.

“विचार करतोय.”

“वर्षभर कधी केला नाहीत तो.”

श्रीकांत जेवणाची वाट बघत होते. रसिकाला ते कळलं, आणि तिने पाहिलं की अरुणावहिनींनाही कळलंय. त्यांनी पदर खोचला आणि उठल्या. गेस्ट हाऊसच्या दारातून हाक आली नाही. बऱ्याच वेळाने श्रीकांतनीच आतून विचारलं, “वहिनी, पानं घेताय ना?”

“छे हो. पुऱ्या व्हायच्यात अजून.”

“झाल्या म्हणालात ना मघाशी?”

“कणीक म्हटलं मी. जरा मुरू दे तिला. घाई केली की चपट्या होतात.” मग त्या म्हणाल्या, “कौस्तुभ, तू हरलास ना? मग मोकळा आहेस. ये, लाट.”

कौस्तुभ गेला. आतून त्याचा आवाज येत होता. “एवढी जाड चालेल का?” आणि वहिनींचा, “तुझ्या कारखान्याचं काही बनवत नाहीयेस. गोल असली की पुरे.”

श्रीकांत शेवटी बाहेर आले. बसले नाहीत, कठड्याला टेकले. पुढची चाल साहेबांची. साहेबांनी ती भराभर केली आणि दार उघडं धरून रसिकाला म्हणाले, “या.”

ती आत गेली. पडद्यावर मुलुंड. ढालीचं वर्तुळ जवळजवळ पुरं झालेलं, एका चालीचं काम बाकी. एका जागी अजून फट होती, आणि तिचे ठिपके त्या फटीशी.

तिने कळ दाबली.

त्या खेळात लढाई फार साधी दिसायची. आकडे उतरायचे, बस. तिचे आकडे उतरत गेले. मुलुंडचेही. तिचे जास्त वेगाने. तिने डोळे मिटले नाहीत, कारण मिटून काही फायदा नव्हता. मुलुंडकडे लढायला जवळजवळ काही नव्हतं, पण तारा मोठा होता, माणसं खूप होती, आणि मोठा तारा आपल्या वजनानेच झुंजतो. तिची पाच जहाजं उरली. मग तीन. पर्वतीवरून निघालेली नवी तुकडी त्याच चालीला मागून येऊन मिळाली, तेव्हा आधीची दोनच उरली होती.

मग मुलुंडचा रंग बदलला. हिरव्याचा पिवळा झाला. पिवळा तिचा.

तिने दोन्ही तळहात टेबलावर टेकले. समोर श्रीकांतचे कारखाने, ओळीने, एकाला ओरखडा नाही. भिंत नसलेले, सगळेच्या सगळे चालू स्थितीत.

दार उघडून ती म्हणाली, “श्रीकांतभाऊ, तुमची सुट्टी संपली.”

*

जेवताना साहेबांनी तह मांडला. आधी तिला स्वतःच्या हाताने श्रीखंड वाढलं. श्रीकांतबरोबर रचायच्या कटात आता एकटेच उरले होते ते.

“रसिका, तुझ्याकडे तीन तारे, माझ्याकडे एक. पण माझ्याकडे संशोधन आहे, आणि वसाहती. लढलो तर संध्याकाळ होईल. त्यापेक्षा अर्धं आकाश तुझं, अर्धं माझं. बरोबरी.”

सगळे तिच्याकडे बघत होते. श्रीकांतही, ज्यांनी अजून पुरीला हात लावला नव्हता.

“आकाश अर्धं होईल साहेब,” रसिका म्हणाली. “कॉम्प्युटर होत नाही.”

साहेब वाटीकडे बघून हसले. “वाढा हिला,” ते बायकोला म्हणाले. “हिला संध्याकाळपर्यंत ताकद लागणार आहे.”

पण संध्याकाळ झाली नाही. दादर शूर होतं, तिथली जहाजं चकचकीत, लांब पल्ल्याची, एकेक जहाज पंचवटीच्या चार डब्यांना भारी. फक्त होतीच थोडी. साहेबांनी सकाळभर जे शिकून घेतलं ते बांधायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. मुलुंडच्या कारखान्यांतून मात्र डबे निघत राहिले, निघत राहिले, शेवटी पडद्यावर पिवळ्याखेरीज काही दिसेना. ऊन व्हरांड्यातून उतरायच्या आत चंद्रकांत साहेब आत गेले, शरणागतीची कळ दाबली, आणि बाहेर येऊन ड्रायव्हरला हाक मारली.

“वसंत, जीप लाव. मॅडमना सामान न्यायचंय.”

इतकी वर्षं तिला कोणी ‘मॅडम’ म्हटलं नव्हतं. साहेब थट्टेत म्हणाले की कसं, ते तिने ठरवायच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं.

*

मॉनिटर मांडीवर. की-बोर्ड कौस्तुभच्या काखेत. जीपमधून मागे वळून रसिकाने पाहिलं तर श्रीकांत व्हरांड्यात उभे राहून साहेबांना हातवारे करून काही समजावत होते. बहुधा ढालीबद्दल.

“रागावलास?” तिने विचारलं.

“नाही,” कौस्तुभ म्हणाला. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, “थोडा.” मग क्वार्टरच्या वळणावर, “माझे कारखाने चांगले होते ना?”

“त्यांच्याच जिवावर जिंकले.”

त्यावर तो खुशीत आला आणि जिना चढताना मॉनिटर त्यानेच घेतला.

*

त्यानंतरचे काही रविवार वाईट गेले, असं साहेब सांगत. नव्या कॉम्प्युटरवर सगळेच पहिल्या चालीपासून जहाजं बांधायला लागले. चहा निवायच्या आत दोघं बाद. शेवटी अरुणावहिनींनी जेवण सकाळीच उरकून टाकायला सुरुवात केली आणि दुपारी त्या रसिकाकडे निघून यायला लागल्या. टायपिंग शिकायला. चाळिशी पुढे सरकवून, एका बोटाने, कणीक तिंबल्यासारखा जोर लावून.

पुढच्या खोलीत दोन बाकं मावत. शेजारच्या नरोलीहून, कारखान्यांत काम करणाऱ्या मुली यायच्या, पाळी सुटली की. सोनी नावाची एक धुळ्याकडची मुलगी पहिल्या दिवशी उंबऱ्यातच थबकली. “ताई, हाई बिघडी जाई तर?”

“बिघडला तर आमचे हे आहेत,” रसिका म्हणाली. “त्यांना दुसरं काम नाही.”

आतल्या खोलीतून कौस्तुभ म्हणाला, “संध्याकाळचं काय झालं? संध्याकाळी मी खेळणार होतो.”

“संध्याकाळची तुकडी भरली,” रसिका म्हणाली, आणि सोनीला खुर्ची ओढून दिली. सोनीच्या मागे आणखी चार जणी चपला काढत होत्या. त्यांच्याही मागे, जिन्यात, नव्या फ्रॉकमधली श्रीकांतची धाकटी मुलगी वडिलांचं बोट धरून उभी होती, आणि श्रीकांत दुसरीकडे बघत होते.

लग्न ठरलं तेव्हा कौस्तुभच्या मावशीने रसिकाला सांगितलं होतं की सिल्वासाला समुद्र आहे. तो कधी दिसला नाही, पण आज जिन्यात भरती होती.